धुरी पुसेगावपर्यंत

पनीरला धुरी किती वेळ द्यायची, याचं उत्तर भगवानकाकांकडे मिनिटांत नव्हतं. ते म्हणायचे, "पुसेगावपर्यंत." म्हणजे हिंगोलीच्या स्टँडवरून सुटलेली सेनगावची गाडी पुसेगावला टेकायला जेवढा वेळ घेते, तेवढा. शेंगदाण्यांना त्याहून कमी, नर्सीपर्यंत. उकडलेल्या अंड्यांना सेनगाव. वांगी आणि बटाटे थेट परभणी. एकदा मी भीतभीत म्हटलं की काका, घड्याळ लावलं तर नक्की वेळ कळेल. ते म्हणाले, "अन् मधी म्हशी आल्या तं?" दर वेळी ते मध्ये म्हशी येतील तेवढी सवलत धरूनच झाकण उघडायचे. पनीर कधी कच्चं राहिलं नाही आणि कधी करपलंही नाही. असं का व्हायचं, हे मला अजून सांगता येत नाही, आणि मी तर विज्ञान शाखेला आहे.

मी त्याच पुसेगावची. माझे वडील, म्हणजे आबा, मेंढ्या-शेळ्या राखतात. थोडी जमीन आहे. हळदीचा हंगाम आला की ते आसपासच्या गावांत हळद शिजवायला जातात. बारावीच्या पुढे शिकलेली आमच्या घरात मी पहिली. मला हिंगोलीला ठेवताना आबांनी एकच अट घातली होती. नापास झालीस तर पुन्हा बसता येतं, पण तुझ्याबद्दल एक जरी वाकडा शब्द गावात आला तर त्याच दिवशी सामान बांधायचं. आबा रागावून बोलले नव्हते, म्हणून ती अट मला जास्तच खरी वाटली. कॉलेजात मी कुणाशी फार बोलत नसे. रस्त्यानं खाली बघून चालत असे. आणि नशिबानं मला खोली मिळाली ती अशा माणसाच्या अंगणात, ज्याच्या घरातून दर मॅचला गल्लीभर धूर आणि भोंग्यातून घोषणा निघायच्या.

काका बसस्थानकावर कंट्रोलर होते. काचेच्या खिडकीआड बसून माइकवरून गाड्या सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होताना सोबतच्या लोकांनी शाल-नारळाबरोबर त्यांना हातात धरायचा एक भोंगा दिला. त्यांना तो गमतीनं दिला असावा, असं मला वाटतं. काकांनी तो गमतीनं घेतला नाही. उंच, काटकुळे, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. काकू भाजीला निघाल्या की ते विचारायचे, "परतीची वेळ?" काकू म्हणायच्या, "मेथी मिळंल तव्हा." मग ते पाटीवर खडूनं लिहायचे: भाजीबाजार, अनिश्चित.

धुरीचं वेड त्यांना मुलानं लावलं. मुलगा पुण्याला असतो. त्यानं एकदा फोनवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशातली माणसं घरामागच्या हिरवळीवर जमलेली, एका बाजूला मोठा टीव्ही, दुसऱ्या बाजूला झाकणाचं लोखंडी यंत्र. त्यातून धूर निघतोय आणि मॅच बघता बघता माणसं त्यातलं काहीतरी उचलून खातायत. बोलणं इंग्रजीत होतं म्हणून काकांनी आवाज बंद करून तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला आणि निष्कर्ष काढला, "लई सोपं हाय. हुरडा आमी पिढ्यान्‌पिढ्या खाऊन राहिलो. ह्यांनी त्याला निस्तं झाकण लावलं."

सुरुवातीची दोन वर्षं त्यांचं यंत्र म्हणजे पाण्याचा जुना पिंप होता. तळाशी घमेल्यात निखारे, निखाऱ्यांवर आंब्याच्या लाकडाचे भिजवलेले तुकडे आणि मूठभर तुराट्या, वर जाळी, जाळीवर खाणं, वर झाकण, आणि धूर बाहेर पडू नये म्हणून झाकणाच्या कडेला गुंडाळलेलं ओलं पोतं. एवढंच. खाण्याबद्दल त्यांचे नियम ठरलेले होते. वस्तू एका हातात मावली पाहिजे. दोन घासांत संपली पाहिजे. आणि ती खाताना नजर टीव्हीवरून हलता कामा नये. तिसरा नियम सगळ्यात कडक होता. एका निवृत्त ड्रायव्हरांनी एकदा हातात काय आलंय हे बघायला मान खाली घातली आणि नेमकी त्याच चेंडूवर विकेट पडली. काकांनी त्यांना उरलेली मॅच कडुनिंबाकडे तोंड करून बसवलं. ते बसलेही. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस होता, कंट्रोलरचं ऐकायची सवय असावी.

अंगणात तीन स्टुलं मांडलेली असत. फलाट एकवर शाकाहारी. फलाट दोनवर अंडी. फलाट तीनवर काका प्रयोग ठेवायचे, आणि तिथली गाडी कुठे जाईल याची हमी नसे. धुरीचे शेंगदाणे, धुरीची हिरवी मिरची, बी काढून आत दाणे भरलेला धुरीचा खजूर, दह्याला धुरी देऊन त्यात बुडवायचे भाकरीचे कडक तुकडे, हे सगळं तिसऱ्या फलाटावरून बढती मिळून पहिल्यावर आलेलं. धुरीचं कलिंगड आलं नाही. धुरीची बिस्किटं आली नाहीत. एका उन्हाळ्यात काकांनी कुल्फी ठेवली, फक्त दोन ओव्हर, म्हणजे जेमतेम स्टँडच्या गेटपर्यंत. झाकण उघडलं तर जाळीवर काड्या होत्या. काकांनी भोंगा उचलला आणि शांतपणे सांगितलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कुल्फी ही गाडी तांत्रिक कारणामुळे रद्द करण्यात आली आहे." मग त्यांनी एक काडी उचलून चोखली आणि म्हणाले, "चव मातर बराबर आली होती."

तक्रार असेल तर ती तोंडी चालत नसे. कडुनिंबाला सुतळीनं एक वही बांधलेली होती, वर काकांच्या अक्षरात "तक्रार वही". कुणी म्हणालं की मिरची फार तिखट आहे, तर काका त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "लेखी द्या." बहुतेक माणसं तिथेच गप्प व्हायची. शेजारचे जोशीकाका मात्र लेखी देत. ते एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि रोज सकाळी देवळात पूजेला जात. त्यांची पहिली तक्रार अशी होती की धुरामुळे वाळत घातलेल्या उपरण्याला वास लागतो आणि देवळात बायका विचारतात, आज गाभाऱ्यात हुरडा भाजला का. काकांनी खाली लाल पेनानं उत्तर लिहिलं: मार्ग बदलण्यात येत आहे. पिंप चार हात सरकवला. जोशीकाकांनी दुसरी तक्रार दिली. पिंप पुन्हा सरकला. असं करत एका हंगामात तो सगळ्या अंगणाला प्रदक्षिणा घालून पहिल्या जागी आला. त्या दिवशी वहीत जोशीकाकांचं सुवाच्य अक्षर होतं: तक्रार नाही. केवळ विचारणा. आज मॅच नाही काय?

तेव्हापासून ते फलाट एकवरचे कायमचे प्रवासी झाले.

माझी काही तक्रार नसे. पायरीवर पुस्तक घेऊन बसायचं आणि काकू आणून देतील ते खायचं, एवढंच माझं काम. काका मधूनमधून विचारायचे, "काय माय, अभ्यास कुठवर?" मी म्हणायचे, अर्धा झाला. ते म्हणायचे, "म्हंजे नर्सी. चालू द्या."

तिसऱ्या वर्षी परीक्षेला महिना राहिला असताना पिंपाचा तळ गेला. त्याच आठवड्याच्या रविवारी मोठी अंतिम मॅच होती आणि बाराजणांना आमंत्रणं गेलेली होती. काका दिवसभर बाजाराकडे फिरले आणि एका ओळखीच्या माणसाकडून हळद शिजवायचा जुना ड्रम छोट्या टेम्पोत घालून घेऊन आले. व्हिडिओतल्या यंत्रापेक्षा तो दुप्पट होता. काकांनी तो दोन दिवस घासला. चिंचेनं घासला, राखेनं घासला, शेवटी काकूंची भांड्यांची घासणी संपवली. ड्रम चकचकीत झाला. त्याचं झाकण जड होतं, कडेनं आत वळवलेलं, आणि काकांना त्याचा फार अभिमान वाटला. "धूर जायाचं नाव घेनार न्हाई," ते म्हणाले.

रविवारी दुपारी मॅच सुरू झाली. ड्रम धुमसत होता. पहिली गाडी पनीरची लागली, मग मक्याची कणसं, मग बटाटे. सगळ्यांची नजर नियमाप्रमाणे टीव्हीवर होती. आता विचार केला तर वाटतं, तो एक नियम नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. कारण पनीर पिवळं होतं. मका पिवळा असतोच, पण तो जास्त पिवळा होता. ओल्या पोत्याची आणि पनीरची वाफ झाकणाला धरत होती आणि त्या वळलेल्या कडेतून थेंब खाली पडत होते. बाराही माणसं न बघता खात होती. विकेट पडली की ती दोन्ही हातांनी तोंड झाकून घेत. चौकार बसला की एकमेकांच्या पाठीवर थाप मारत. एक षटकार असा बसला की काकूंनी आनंदानं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कानशिलावर बोटं मोडली. मीही टीव्हीकडेच बघत होते.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी महादूच्या जीपचा हॉर्न वाजला.

महादूमामा आमच्या गावचा. जीप चालवतो. दर रविवारी आई त्याच्याकडे माझा डबा देते. मी धावत गेले. महादूमामानं डबा पुढे केला आणि हात तसाच राहिला. त्याला काय दिसलं असेल, हे मी नंतर बऱ्याच वेळा मनात मांडून बघितलं आहे. माझं तोंड हळदीनं पिवळं. दोन्ही हात पिवळे. हातात काकूंनी त्याच आठवड्यात हौसेनं भरवलेल्या हिरव्या बांगड्या. मागे उघड्या फाटकातून मोठ्या भांड्याखाली जाळ आणि धूर, आणि डझनभर पिवळी माणसं टाळ्या वाजवतायत. त्यातच काकांचा भोंगा: "सर्व पाहुण्यांना विनंती, कृपया हात धुऊ नयेत, अजून एक फेरी बाकी आहे."

महादूमामानं डोक्यावरची टोपी काढली. त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण तो सभ्य माणूस. एवढंच म्हणाला, "आबाला काय सांगू, ताई?"

मी म्हणाले, "सांगा, मी लई खुशीत हाय. ह्या महिन्यात काई घरी येत न्हाई म्हणावं, इकडंच राहते."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, सुखी राहा म्हणाला, आणि जीप वळवून गेला. मला वाटलं, बिचारा दमलाय.

मॅच आपण हरलो. हरल्यावर सगळ्यांनी टीव्हीवरून पहिल्यांदा नजर काढली आणि एकमेकांकडे बघितलं. कुणाच्या पाठीवर पंजा, कुणाचे कान पिवळे, जोशीकाकांच्या पांढऱ्या धोतरावर दहा बोटं. मग जोशीकाका उठून कडुनिंबापाशी गेले, वही उघडली, पेन हातात घेतलं, आणि काय लिहावं हे न सुचल्यामुळे पुन्हा बंद केली. काका म्हणाले, "हळद अंगाला चांगली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं आबा आले.

मी पायरीवर होते. तोंड चार वेळा धुतलं होतं, तरी पिवळेपणा गेला नव्हता. आबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग बघितलं नाही. हातात कापडी पिशवी होती. अंगणातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर ते बसले, जसे कचेरीत बसतात. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आबांनी हात जोडले.

"राहू द्या, विहीणबाई. लेकीच्या सासरचं पाणी आमच्यात चालत न्हाई."

काकूंचा तांब्या हातात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे लेकीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीही पीत नाही, हे मला माहीत होतं, पण ते आबा इथे का सांगतायत हे डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा मी सांगायला उठले, तर आबांनी न बघताच हात वर करून मला थांबवलं. आणि नेमके त्याच वेळी जोशीकाका कालचं ताट परत द्यायला आले, पिवळ्या कानांनी, खांद्यावर उपरणं. आबा उठून उभे राहिले. त्यांनी जोशीकाकांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग खाली बसले आणि डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून एक लुगडं काढलं, खण काढला, नारळ काढला आणि मांडीवर ठेवला. "तुह्या मायनं दिलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्हणली, झालंच असंल तं रिकाम्या हातानं जाऊ नका." मग जरा थांबून म्हणाले, "सामान बांध म्हणायला आलो व्हतो. आता काहून बांधायचं."

काका आंघोळ करून बाहेर आले ते याच वेळी. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं. मला वाटलं ते हसतील किंवा चिडतील. ते आत गेले, शर्ट घालून दोन्ही पेनं खिशाला लावून आले, कडुनिंबाची वही सोडली आणि आबांसमोर धरली.

"तुमची तक्रार हाय. बराबर हाय. लेखी द्या."

आबा म्हणाले, "साहेब, मला लिहिता येत न्हाई."

"मंग तुमच्या घरात कोनाला येते?"

आबांनी वहीकडे बघितलं. कडुनिंबाकडे बघितलं. मग माझ्याकडे बोट केलं.

"हिला."

काकांनी वही आणि निळं पेन माझ्या हातात दिलं. आणि माझ्याविरुद्धची तक्रार आबांनी सांगितली तशी मी लिहून घेतली. माही पोरगी, नाव लिव. तिचं कालच्या रोजी लगीन लावलं. मला सांगितलं न्हाई. एवढं झाल्यावर मला वाटलं संपलं. आबा म्हणाले, अजून लिव. सांगितलं असतं तं मी न्हाई म्हणलो नसतो बहुतेक. मी विचारलं, "बहुतेक ठेवू का?" ते म्हणाले, "राहू दे." मी खाली मान घालून लिहीत होते, कारण वर बघितलं असतं तर अक्षर वेडंवाकडं आलं असतं. मधे एकदा लक्षात आलं की आबा माझ्या हाताकडे बघतायत. मला लिहिताना त्यांनी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

काकांनी तक्रार मोठ्यानं वाचली. खाली लाल पेनानं लिहिलं: दाखल. मग त्यांनी आबांना सांगितलं की चौकशी ताबडतोब होईल, पण तिला पुसेगावपर्यंत वेळ लागेल. आबांना वाटलं आता सगळे मिळून पुसेगावला जायचंय. ते उठायला लागले. काकांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि ड्रमच्या तळाशी निखारे घालून जाळीवर पनीर ठेवलं.

त्या दिवशी मध्ये म्हशी फार आल्या असाव्यात. काकू तांब्या घेऊन दाराशी उभ्याच. जोशीकाकांना आपण का थांबलोय हे माहीत नव्हतं, पण चौकशी म्हटल्यावर उठून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी काकांनी झाकण उचललं आणि आबांच्या समोर धरलं. झाकणाच्या कडेतून एक थेंब आबांच्या हातावर पडला.

आबांनी तो थेंब दोन बोटांत चोळला. नाकाला लावला. मग उठले, झाकण काकांच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि त्या वळलेल्या कडेत नख घालून खरवडलं. नखाला ओली पिवळी पुटं आली.

"हे शिजवणीचं हाय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "ही कड घासली व्हती का?"

"वरून घासली," काका म्हणाले. तीन वर्षांत काका पहिल्यांदा कुणाला जबाब देत होते.

"वरून घासून काय व्हते, साहेब. हळद कडंत बसते. वाफ धरली की सुटते. आमी तं ह्याला सळई फिरवतो."

मग त्यांनी एकेक करून सगळ्यांकडे बघितलं, काकूंचे हात, जोशीकाकांचे कान, माझं तोंड. "मंग लगीन?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई, आबा. मॅच व्हती."

"कोन जिंकलं?"

"हरलो."

आबांनी मान हलवली. मग काकूंच्या हातातला तांब्या स्वतः घेतला आणि उभ्याउभ्या पूर्ण रिकामा केला. काकूंनी पुन्हा भरून दिला, तोही प्यायले. त्यानंतर फलाट एकवर बसून त्यांनी पनीरचे सहा तुकडे खाल्ले आणि म्हणाले की लाकूड आंब्याचं आहे पण बाभळीचं एक ढलपं घाला, धूर जड होईल. काकांनी ते पाटीवर लिहून घेतलं.

तक्रार निकाली काढायला अर्जदाराची सही लागते. काका शाईचं पॅड शोधायला आत गेले, ते सापडेना. आबांनी आपल्या हातांकडे बघितलं आणि वहीच्या पानावर अंगठा टेकवला. उठला स्वच्छ, पिवळा. "शाईचं काय काम," ते म्हणाले.

आणलेलं लुगडं परत न्यायचं नसतं म्हणून आबांनी ते काकूंच्या ओटीत घातलं. नारळ काकांनी फलाट तीनवर ठेवला. आणि आबा महादूमामाच्या जीपनं गावाला गेले, कोपरापर्यंत पिवळे. महादूमामानं वाटेत त्यांनाही काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं की बाप स्वतः जाऊन हळद लावून आला. ती बातमी मरायला माझा निकाल लागावा लागला. पहिल्या वर्गाचा निकाल हातात घेऊन मी एकटीच गावात शिरले आणि मागे कुणी जावई नाही, हे लोकांनी बघितलं. तरी एका म्हातारीनं मला बाजूला घेऊन सांगितलंच की होतं असं, मनाला लावून घेऊ नको.

या जूनमध्ये काका-काकू पुण्याला मुलाकडे गेले, कायमचे. सातव्या मजल्यावर घर आहे आणि गच्चीवर जाळ करू देत नाहीत. मला नांदेडला पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला होता. अर्जावर आबांनी न सांगता अंगठा दिला, या वेळी शाईचा. काकांनी ड्रम आबांना दिला. ज्या दिवशी ते निघणार होते त्या सकाळी आबा तो न्यायला आले, आणि काका म्हणाले की रिकामा कसा द्यायचा. मॅच नव्हती. टीव्ही बांधलेला होता. कडेत सळई कुणी फिरवली नव्हती, कारण ती सळई घेऊनच आबा आले होते आणि काकांनी म्हटलं, आजच्या दिवस राहू द्या. आम्ही पाचजणांनी, जोशीकाका धरून, अंगणात उभं राहून पनीर खाल्लं. बघायला काही नसल्यामुळे सगळे एकमेकांकडे बघत होते. बोटं पिवळी होताना दिसत होती आणि कुणी पुसत नव्हतं.

काका रेल्वेनं जाणं शक्यच नव्हतं. स्टँडवर जुन्या सोबत्यांनी दोघांना हार घातले. खिडकीआडून नव्या कंट्रोलरनं गाडी सांगितली, आणि काका डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "बराबर सांगितलं. निस्ता मधी एक श्वास जास्त घेतला." मग त्यांनी पिशवीतून तक्रार वही काढून मला दिली. "निम्मी कोरी हाय," ते म्हणाले. "नांदेडला लागंल."

ते दोघं खिडकीशी बसले. गळ्यात हार, चार पिवळे हात, काकूंच्या अंगावर माझ्या आईनं पाठवलेलं ते लुगडं. मागच्या बाकावरच्या एका बाईनं त्यांना नीट न्याहाळलं, खिडकीतून बाहेर वाकली आणि मला खालच्या आवाजात विचारलं, "कधी झालं माय, लगीन? ह्या वयात?"

मी सांगायला तोंड उघडलं. शेजारी आबा उभे होते, त्यांचेही हात पिवळे होते. गाडी हलली. काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी मान बाहेर काढली नाही, फक्त पिवळा हात काढला, आणि गाडीच्या आवाजातही त्यांचा आवाज भोंग्याशिवाय नीट ऐकू आला.

"त्यांना म्हणावं, लेखी द्या."